फडाच्या शेवटी तिचा नंबर

धुळ्यातल्या माझ्या घरी स्वयंपाकघराला लागून भिंतीत एक कोनाडा आहे. दुसऱ्या कुणाच्या घरी तिथे देव बसले असते. आमच्याकडे तिथे एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला वायरने जोडलेला बटणांचा फोन आहे. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "तो आमच्या सूनबाईंचा देव आहे, त्याला हात लावू नका." त्या चेष्टेने म्हणतात. पण मधली दोन वर्षं हा देव मुका झाला होता आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत राहायचे, तेव्हा त्याच मला म्हणायच्या, "आधी चहा घे, वाजायचा तेव्हा वाजेल."

या फोनचं सांगायचं तर आधी आमच्या गावचं पाणी सांगावं लागेल. माझं माहेर साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेच्या काठी. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली फड. फड म्हणजे शिवाराचा सलग तुकडा. त्यात वावरं वेगवेगळ्या माणसांची, पण पीक सगळ्यांचं एकच आणि पाणी सगळ्यांना ओळीने. पाटाच्या तोंडाशी ज्याचं वावर त्याला आधी, मग त्याच्या खालच्याला, असं शेवटपर्यंत. या ओळीतल्या पाळीला आम्ही बारी म्हणतो. पाट फुटला, बंधाऱ्यात गाळ भरला, काहीही झालं आणि पाणी मध्येच बंद पडलं, तर बारी जिथे तुटली तिथेच थांबते. पाणी पुन्हा सुटलं की त्याच वावरापासून पुढे. वरच्यांनी कितीही मिशा पिळल्या तरी पुन्हा वरून सुरू होत नाही. हा नियम आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. मला वाटायचं, जगात सगळीकडे पाणी असंच वागतं.

ती भेटली जळगावला, इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये. ती रावेरकडची, केळीच्या बागांमधली. पहिल्या दिवशी मी खोलीत शिरून विचारलं, "आते बठ्ठं सामान कोठे ठेवू वं?" तर ही बया पलंगावर आडवी होऊन हसायला लागली. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "मले काबरं डोळे दाखवते व?" मग मी हसले. पुढची चार वर्षं आम्ही एकमेकींच्या बोलीची यथेच्छ टर उडवली आणि हळूहळू एकमेकींचे शब्द उचलले. ती मला धुळेवाली म्हणायची, मी तिला केळीवाली.

कॉम्प्युटरचं वेड दोघींना एकदमच लागलं, आणि त्यातही उघड्या कोडचं. म्हणजे आपण जो प्रोग्राम लिहिला तो सगळ्यांसमोर मांडून ठेवायचा. ज्याला हवा त्याने घ्यावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा, आणि बदललेलाही तसाच उघडा ठेवावा. आम्हाला हे फार पटलं. वर्गातल्या मुलांना पुण्याच्या नोकऱ्या दिसत होत्या आणि आम्ही दोघी परदेशातल्या अनोळखी माणसांचे प्रोग्राम उघडून त्यांतल्या चुका शोधत बसायचो. एकीची दुरुस्ती मान्य झाली की दुसरी मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खायची.

आमचा स्वतःचा प्रोग्राम निघाला तो नानांच्या कुरकुरीतून. नाना म्हणजे माझे वडील. बारी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ते दिवसचे दिवस बांधावर बसून राहायचे आणि आईची बोलणी खायचे. आम्ही एका जुन्या फोनला कॉम्प्युटर जोडला, त्यात फडातल्या शेतकऱ्यांचे नंबर ओळीने घातले. ज्याची बारी आली त्याला मिस कॉल जायचा. त्याचं पाणी भरून झालं की त्याने उलटा मिस कॉल द्यायचा, म्हणजे प्रोग्राम पुढच्याला उठवायचा. उलटा मिस कॉल आला नाही तर प्रोग्राम जागचा हलायचा नाही. एवढंच. याहून साधा प्रोग्राम मी आयुष्यात लिहिला नसेल, आणि याहून जास्त जीव कशावर लावला नसेल.

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या गावी आली. पाटावर उभं राहून आम्ही नंबर भरत होतो. शेवटचं वावर झालं तेव्हा नाना तिला म्हणाले, "तुना नंबर बी टाकी दे बेटा, शेवटले." ती म्हणाली, "माझं वावर कुठे आहे नाना इथे?" शेजारी पाटकरी उभा होता. पाटकरी म्हणजे पाण्याची वाटणी करणारा गावचा माणूस, त्याचा शब्द फडात शेवटचा. त्याने शेवटच्या वावराच्या पलीकडे बोट केलं. तिथे उरलंसुरलं पाणी नाल्यात पडत होतं. म्हणाला, "ते बठ्ठं हिनं." म्हणजे ते सगळं हिचं. आणि अशी ती, गुंठाभर जमीन नसताना, आमच्या फडाची शेवटची शेतकरीण झाली. फडाचं सगळं पाणी संपलं की तिकडे तिचा फोन वाजायचा, तिने उलटा मिस कॉल दिला की फेरी पूर्ण व्हायची आणि बारी पुन्हा पाटाच्या तोंडाशी जायची.

गंमत म्हणून केलेली गोष्ट. पण ती कधी चुकली नाही.

मग तिने तोच प्रोग्राम तिच्या घरच्या विहिरीला बसवला. तिचे बाबा आणि काका फार वर्षांपूर्वी वेगळे झालेले. घर वाटलं, जमीन वाटली, बैल वाटले. विहीर कशी वाटणार? ती सामाईक राहिली, मोटारही एकच, आणि वार ठरले. सोमवार बाबांचा, मंगळवार काकांचा, असे आळीपाळीने. तिकडे शेतीची लाईट कधी येते, कधी येत नाही. ज्याच्या वाराला लाईट आली नाही त्याचा वार गेला. दुसऱ्या दिवशी तो मागायचा नाही. गेलेल्या वाराचं दुःख दोघे भाऊ एकाच ओट्यावर बसून, चहा पीत, लाईटवाल्यांना शिव्या घालून साजरं करायचे. तिने मोटारीच्या पेटीत सिमकार्डवालं यंत्र बसवलं. लाईट आली की ज्याचा वार असेल त्याचा फोन वाजायचा.

कॉलेज सुटलं. मी धुळ्यात नोकरीला लागले, ती जळगावला. प्रोग्राम मात्र एकच राहिला, दोघींचा. ती तिच्याकडे बदल करायची, मी माझ्याकडे, आणि मग दोन्ही एकत्र जोडायचे. याला मर्ज म्हणतात. दोघींनी एकाच ओळीला हात लावला असेल तर कॉम्प्युटर अडून बसतो, दोन्ही ओळी समोर ठेवतो आणि विचारतो, यांतली कोणती ठेवू? प्रत्येक बदलासोबत एक ओळीची टीप लिहायची असते, काय केलं ते. आमच्या टिपा वाचून परक्या माणसाला वेड लागलं असतं. "दोन सिमच्या फोनचा घोळ काढला. आईचं भरीत आज जहाल." "नंबर तपासायची पद्धत बदलली. पाहुणे बघायला आले होते, मुलगा बरा वाटला." मी तिच्या लग्नाची बातमी अशी ऐकली, एका दुरुस्तीच्या खाली. सोनगीरला जाऊन तिच्यासाठी तांब्याचा हंडा आणला होता. तो बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्यामुळे पारोळ्यापर्यंत माझे पाय बधिर झाले होते.

ते दिवस मला अजून हवे आहेत. नुसते आठवत नाहीत, हवे आहेत.

एका वर्षी उन्हाळ्यात तिने सुचवलं की गेलेला वारही भरून मिळावा. "तुमच्या फडाची रीत न्यायाची आहे व," ती म्हणाली. "लाईट गेली यात माणसाचा काय दोष? त्याची बारी पुढे सरकली पाहिजे." मला काय, आनंदच झाला. आमची रीत रावेरपर्यंत चालली म्हणून नानांना फोन करून सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून दोन्ही नियम एकात बसवले, तिने मर्ज केलं आणि टिपेत लिहिलं, "आता धुळ्याचं पाणी आणि जळगावचं पाणी एक."

मे महिना. बाबांच्या वाराला दिवसभर लाईट आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली तेव्हा वार काकांचा होता, पण फोन बाबांचा वाजला. मुलीचं यंत्र सांगतंय म्हटल्यावर बाबांनी मोटार चालू केली. काका आपल्या वाराला विहिरीवर आले तर पाणी भावाच्या केळीला चाललेलं. काका काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते मुकाट्याने परत फिरले आणि ओट्यावर यायचे बंद झाले.

वाटणीच्या वेळी ज्यांच्यात फूट पडली नव्हती ते दोघे भाऊ एका प्रोग्राममुळे तुटले.

तिने मला फोन केला. मी म्हटलं, "अगं पण न्याय तर बरोबर झाला ना? बाबांचा वार बुडाला होता." ती म्हणाली, "आमच्याकडे वार बुडाला की लाईटीमुळे बुडतो. कुणामुळे नाही. तू म्हणतेस त्या न्यायात कुणाचा तरी घास कुणीतरी घेतो." मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही. मी म्हटलं, सगळ्यांना नशीब सहन करायची सवय झाली म्हणजे ती रीत होत नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडे पाट आहे. आमच्याकडे नुसती विहीर आहे आणि दोन भाऊ आहेत." फोन तिने ठेवला की मी, आता आठवत नाही.

त्या दुपारी तिने फोर्क केला. फोर्क म्हणजे त्या क्षणापर्यंतचा सगळा कोड उचलून आपली वेगळी चूल मांडणं. यात चोरी नाही, भांडण नाही, विचारायचीही गरज नाही. उघड्या कोडचा तर तोच धर्म आहे. टिपेत तिने लिहिलं होतं, "वाराचा नियम परत आणला." भरीत नाही, काही नाही. मी ती ओळ इतक्यांदा वाचली की शेवटी सासूबाईंनी विचारलं, "कुणी गेलं का गं?"

मला अजूनही माझा नियम बरोबर वाटतो. तिचाही बरोबर वाटतो. म्हणून तर त्रास होतो. एक चूक असती तर दुसरीने माफ केलं असतं आणि भाकरी खायला बसलो असतो.

तिचा प्रोग्राम वाढला. सामाईक विहिरी सगळीकडे आहेत, भाऊ तर आहेतच. कुठून कुठून लोक तो घ्यायला लागले. माझा प्रोग्राम आमच्या फडापुरता राहिला. मधूनमधून कुणीतरी अनोळखी माणूस आम्हा दोघींना लिहायचा: तुम्हा दोघींचं मूळ एकच दिसतंय, दोन्ही प्रोजेक्ट जोडून का टाकत नाही? एक सेटिंग ठेवा, ज्याला जे हवं ते निवडेल. सेटिंग ठेवा म्हणे. तिचा प्रोग्राम उठल्यावर पहिल्यांदा विचारतो, आज वार कोणता. माझा विचारतो, आधीच्याचं झालं का. दोन्ही प्रश्न एकदम विचारणारा प्रोग्राम आम्ही लिहून पाहिला होता, त्याची परीक्षा विहिरीवर झाली होती. मी अशा माणसांना उत्तर देत नसे. तीही देत नसावी.

कामाचं मात्र चालू राहिलं. नवीन फोनवर माझा प्रोग्राम अडायला लागला तेव्हा तिने तिच्याकडे केलेली दुरुस्ती मी उचलून आणली. अशा उचललेल्या बदलावर मूळ लिहिणाऱ्याचं नाव आपोआप राहतं. माझ्या कोडमध्ये तिचं नाव दिसलं की मी उगीचच ते पान जरा वेळ उघडं ठेवायचे. तीही माझ्या दुरुस्त्या नेत होती. घर वेगळं झाल्यावर भिंतीवरून वाटी-वाटी साखर देतात तसं. शब्द मात्र नाही.

आणि तो मिस कॉल. फोर्क झाल्यावर पहिली फेरी शेवटाला आली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. फोनने तिला कॉल केला. तिने उलटा दिला नसता तर आमचा फड तिथेच अडकला असता आणि मला तिचा नंबर ओळीतून काढावा लागला असता. मी कोनाड्यासमोर उभी होते, हाताला कणीक. फोन एकदा वाजला आणि तुटला. फेरी पूर्ण झाली. मी परत जाऊन पोळ्या लाटल्या, आणि त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या खारट झाल्या, कारण मी कणकेत दोनदा मीठ घातलं होतं.

त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं ते एवढंच. फडाचं पाणी शेवटाला पोचलं की एक रिंग इकडून, एक रिंग तिकडून. मला बढती मिळाली, तिला मुलगी झाली, माझी आई गेली; त्या एका रिंगमध्ये यातलं काही नव्हतं आणि तरी मला ती पुरायची. ती आहे. ती ऐकते आहे. तिने नंबर बदललेला नाही.

मग एका पावसाळ्यात पांझरेला पूर आला आणि बंधारा एका बाजूने फुटला. तोवर गावात निम्म्या लोकांनी बोअर मारल्या होत्या. ज्याच्या घरात पाणी आलं त्याला बंधाऱ्याची काय पडली? पाट कोरडा पडला, त्यात बाभळी उगवल्या. बारी तुटली ती शेजारच्या अक्काच्या वावरावर. अक्कानंतर दोन वावरं, आणि मग तिचा नंबर. स्क्रीनवर अक्काचं वावर तसंच दिसत राहिलं. मी कॉम्प्युटर बंद केला नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर दमला तर माझ्या जिवाची तगमग. फोनची बॅटरी फुगली तेव्हा आग्रा रोडवरच्या मोबाईलवाल्या चाचांकडे नेला. ते म्हणाले, "बाजी, इसमें अब है क्या?" मी म्हटलं, चालू राहिला पाहिजे. त्यांनी कुठूनशी जुनी बॅटरी शोधून बसवून दिली.

पहिलं वर्ष गेलं. आमच्या दोघींमधला शेवटचा धागाही नदीने नेला असं वाटायला लागलं. मग मीच पुढाकार घेतला. तिचा सगळा कोड वाचला, माझा त्यात कसा बसेल ते लिहून काढलं आणि तिला मर्ज करण्याची विनंती पाठवली. सोबत लिहिलं, भेटून बोलू. तिचं उत्तर आलं, "रविवारी या."

'या'. मी बसमध्ये पारोळा, एरंडोल मागे टाकत त्या एका अक्षराशी भांडत गेले.

दारात तिने तेच केलं. "या ना, बसा. प्रवास बरा झाला?" शेजारी तिच्या सासूबाई होत्या, म्हणून असेल. मीही "हो, तुम्ही कशा आहात?" म्हटलं. दोन ऑफिसं भेटावीत तसं. ती थोडी जाड झाली होती, केस कापले होते, डाव्या भुवईवरचा व्रण तोच. पाणी दिलं ते सोनगीरच्या हंड्यातलं. हंडा लखलखीत घासलेला होता. जेवायला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी न सांगता तिने माझ्या ताटात कच्चा कांदा वाढला नाही, कारण मला चालत नाही.

सासूबाई आडव्या झाल्यावर आम्ही लॅपटॉप उघडले. मी माझं सगळं मांडलं, कुठे काय जुळेल, कुठे काय अडेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग लॅपटॉप मिटला.

"नाही होणार," ती म्हणाली. "काम चांगलं केलं आहेस तू. पण नाही."

"का?"

"बाबा आणि काका आता परत एका ओट्यावर बसतात. चहा अजून आपापल्या घरून येतो. तो ओटा मी पुन्हा पणाला लावणार नाही. आणि आता माझ्या कोडवर माझी एकटीची विहीर नाही." आणि तिची ऑफिसची भाषा गळून पडली. "तुले राग येईल, मले माहीत आहे. पण एक केलं तर कोणाचा तरी नियम मरतो व. तुझाच मरंल. मी मोठी आहे ना आता, मोठ्यात लहान विरघळते. मग तुझ्या फडाले उद्या पाणी आलं तर ते कोणत्या रीतीनं जाईल?"

ती माझा नियम वाचवत होती आणि मी तो द्यायला निघाले होते. खरं सांगायचं तर मला कोड जोडायचाच नव्हता. मला ती हवी होती. टिपेखालचं भरीत हवं होतं, काबरं व हवं होतं, एका पलंगावर दोघींनी पाय सोडून बसणं हवं होतं. पण चाळिशीला आलेल्या बाईने दुसऱ्या बाईच्या जेवणाच्या टेबलावर हे कसं सांगायचं? मर्ज म्हटलं की काम वाटतं. म्हणून मी मर्ज घेऊन आले होते.

"बरं," मी म्हटलं. इतकंच म्हटलं.

ताटं ठेवायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा मिठाच्या बरणीशेजारी, फळीवर, एक जुना बटणांचा फोन चार्जिंगला लावलेला दिसला. तिच्या हातात तर चांगला मोठा फोन होता.

ती मला स्टँडवर सोडायला आली. धुळ्याची गाडी लागली होती. मी खिडकीत बसल्यावर तिने खालून विचारलं, "बारी कुठे तुटली गं?"

"अक्काच्या वावरावर."

तिने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्हणजे माझ्या आधी दोनच," ती म्हणाली. तेवढ्यात गाडी सुटली.

त्यानंतर आणखी एक कोरडं वर्ष. तिचा फोन नाही, माझाही नाही. आम्ही दोघी अडून बसायला पटाईत.

मग गावातल्या बोअरी एकेक करून आटायला लागल्या. घरच्या पाण्याचा दिमाख गेला आणि लोकांना बंधारा आठवला. उन्हाळाभर गावाने दगड रचले, पाटातल्या बाभळी तोडल्या, नानांनी या वयात पाट्या उचलल्या आणि कमर धरून बसले. पावसाळा संपला, बंधारा टिकला. दसऱ्यानंतर एका सकाळी पाट सुरू झाल्याचा नानांचा फोन आला. "पाट चालू व्हयना. आते तुना मशीनले इचार, बारी कोनी शे?"

पाटावर कल्ला चालला होता, मला फोनमधून ऐकू येत होता. वरच्या वावरांचे लोक म्हणत होते, दोन वर्षं झाली, आता कुठली जुनी बारी, नव्याने वरून सुरू करा. आणि त्यावर, तुटलेली बारी सोडायला तयार नसलेल्या अक्काचा आवाज: "मनी बारी तुटेल शे. मी सोडाव नही." अक्काला नीट चालता येत नाही, तिला कुणीतरी मोटारसायकलवर बसवून बांधावर आणलं होतं. पाटकऱ्याने नानांच्या हातातून फोन घेऊन मला विचारलं, मशीन काय म्हणतं?

"अक्का," मी म्हटलं.

"मग अक्का," तो म्हणाला, आणि वाद संपला.

दोन दिवस मी कामावर गेले पण डोकं कोनाड्यात होतं. अक्काचं झालं. तिच्या खालच्याचं झालं. रविवारी दुपारी शेवटच्या वावराचा उलटा मिस कॉल आला आणि फोनने तिला कॉल केला. मी समोर उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "चहा टाकू?" मी नको म्हटलं. मग हो म्हटलं. मिठाच्या बरणीशेजारचा फोन कुणी आवरून फेकला असेल तर? मुलीने खेळायला घेतला असेल तर? बाईने किती म्हणून वाट बघायची कोरड्या पाटाची? सासूबाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

फोन वाजला.

मिस कॉल एका रिंगला तुटतो. मी ती एक रिंग ऐकली आणि डोळे मिटून घेतले. पण दुसरी रिंग झाली. तिसरी झाली. फोन वाजतच राहिला, त्याच्या थरथरीने कोनाड्यातला धुरळा उडाला. समोरच्याने फोन ठेवलाच नाही तर काय करायचं, हे आम्ही दोघींनी प्रोग्राममध्ये कधी लिहिलंच नव्हतं. कॉम्प्युटर बिचारा गप्प बसला. मी वायरीसकट फोन उचलून कानाला लावला.

"उनी ना वं मनी बारी?" ती म्हणाली. आली ना माझी बारी, हे माझ्या बोलीत, तिच्या हेलात, होस्टेलच्या पलंगावरून बोलल्यासारखं.

मी म्हटलं, "उनी."

"मग झालं म्हणून ठेवू का फोन?"

"नको," मी म्हटलं. "बोल."

ती बोलायला लागली. वायर आखूड होती, म्हणून मी कोनाड्याखाली जमिनीवर बसले. थोड्या वेळाने ओट्यावरच्या माझ्या दुसऱ्या फोनवर नानांचं नाव दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं. तिने झालं म्हटल्याशिवाय वरच्या वावराची बारी लागणार नव्हती, पाटाच्या तोंडाशी माणसं खोळंबली असणार, नाना वैतागले असणार. मी सासूबाईंना हाताने खुणावलं, उचलू नका. तिची बारी चालू होती.